पेन्सिलीएवढी फट

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या प्रवासाच्या गाड्या, इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या आसपास बनतात. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. हेमंतात कापणीचं यंत्र शेतात उतरतं आणि उन्हाळाभर डोक्यावर छप्पर धरून असलेलं पीक एका दिवसात नाहीसं होतं. त्या रात्रीपासून शेतातल्या उंदराला तीन गोष्टी हव्या असतात: वाऱ्यापासून आडोसा, घरट्यासाठी काहीतरी मऊ, आणि खायला चार दाणे. शेताच्या कडेला, गवतावर, हिवाळ्यापुरती बंद करून ठेवलेली आरव्ही या तिन्ही गोष्टी देते. फोमच्या गाद्या आहेत, भिंतींत इन्सुलेशन आहे, ड्रॉवरच्या खाचेत शेंगदाण्याचे तुकडे अडकलेले आहेत. आणि पुढचे पाच महिने तिथे माणूस फिरकणार नाही.

आरव्ही ठेवणाऱ्या मंडळींचा या विषयातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पेपरमिंटचं तेल किती थेंब टाकायचं? प्रश्न मनापासूनचा असतो. घरात मुलं असतात, कुत्रं असतं, विष नको असतं. पण तेलापासून सुरुवात केली की सगळं काम उलट्या टोकाने सुरू होतं. उंदराला बाहेर ठेवण्याचा सर्वांत नैसर्गिक उपाय म्हणजे त्याला आत यायला वाट न ठेवणे. वास, तिखट, घुबड, सापळा हे सगळं त्यानंतर.

घरातल्या छोट्या उंदराला आत यायला सहा मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आरपार जात असेल, तर उंदीर जातो. मोठ्या उंदराला साधारण बारा मिलिमीटर लागतात. डोकं शिरलं की मागचं अंग लांबट करून तो ओढून घेतो. शिवाय पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणं ही त्याची गरजच असते. म्हणून चार मिलिमीटरची फट प्लास्टिकमध्ये असेल तर तीही उघडीच समजावी, एका रात्रीत ती सहाची होते.

आरव्हीत अशा फटी किती असतात, हे खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. कारखान्यात अर्ध्या इंचाच्या पाण्याच्या नळीसाठी प्लायवूडला दोन इंचाचं भोक पाडलेलं असतं, कारण काम भराभर उरकायचं असतं. सिंकखाली, शॉवरमागे, पलंगाखालच्या पाण्याच्या पंपाजवळ, चाकांवरच्या कमानीच्या कोपऱ्यात, टाक्यांच्या झडपांच्या दांड्या बाहेर येतात तिथे, गाडी ओढण्याच्या पुढच्या जोडणीकडून वायरींचा जुडगा आत शिरतो तिथे. बाहेरून वीज घेण्याची जाड केबल ज्या छोट्या झाकणातून बाहेर काढतात ती जागा तर हमखास. केबल बाहेर असली की झाकण पूर्ण बसत नाही आणि केबल हीच उंदराची शिडी होते. बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या, म्हणजे स्लाइड-आउटच्या रबरी पट्ट्या मधे घट्ट आणि खालच्या कोपऱ्यांत सैल असतात. हिवाळ्यात स्लाइड-आउट आत घेऊनच ठेवावं आणि कोपरे बोटाने दाबून पाहावेत.

शोधायची सगळ्यात खात्रीची रीत उजेडाची. संध्याकाळी अंधार पडला की एकाने आत सगळी कपाटं उघडून, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून, जमिनीलगत प्रखर दिवा फिरवायचा. दुसऱ्याने खडू घेऊन खाली आडवं व्हायचं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे गोल. आधी चाकांना पाचर लावलेली हवी, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. तळाला प्लास्टिकचं आवरण असेल तर उजेड अडतो. तेव्हा त्या आवरणाच्या कडा, त्यातून बाहेर येणाऱ्या नळ्यांभोवतीची जागा आणि दुरुस्तीसाठी कोणीतरी कापून चिकटपट्टीने बंद केलेले तुकडे हाताने चाचपावे लागतात. हे तुकडे बहुतेक वेळा एका बाजूने सुटलेले सापडतात. चिकटपट्टी उंदीर सहज फाडतो. तिथे जस्ताच्या पातळ पत्र्याचं ठिगळ, चारही बाजूंनी इंचभर जास्त, लहान स्क्रू आणि कडेने सीलंट. स्क्रू लहानच घ्यावेत, वर टाक्या आणि वायरी असतात.

आता बुजवायचं कशाने? इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा थांबून सांगण्यासारखं आहे. डब्यातून फवारायचा फोम एकटा वापरला तर उंदीर तो पावासारखा कुरतडतो, वर त्याचाच चुरा घरट्याला वापरतो. भांडी घासायची साधी लोखंडी लोकर दात अडवते, पण दमट हवेत आणि हिवाळी रस्त्यांवरच्या मिठात ती गंजून एकदोन हंगामांत भुगा होते. शिवाय बारीक लोखंडी लोकर बॅटरीच्या दोन टोकांना चुकून लागली तर पेट घेते. आरव्हीत बारा व्होल्टच्या वायरी सगळीकडे असतात, त्यामुळे हा धोका कागदावरचा नाही. तांब्याची विणलेली जाळी या कामाला सगळ्यांत चांगली. गंजून सुटत नाही, कात्रीने कापता येते, आणि तिचे धागे दातांत अडकतात म्हणून उंदीर ती ओढत बसत नाही. स्टेनलेस स्टीलची लोकरही चालते. दोन्ही धातू आहेत, तेव्हा उघड्या टर्मिनलजवळ आणि फ्यूजच्या पेटीत कोणतीच नको.

जाळी भरण्याची एक तऱ्हा आहे. भोकाच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी पट्टी कापून सैलसर गुंडाळी करायची आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने नळीभोवती फिरवत थोडी थोडी आत दाबायची. बोटाने दाबल्यावर ती स्प्रिंगसारखी परत ढकलली पाहिजे. सहज आत गेली तर कमी भरली आहे, आणखी पट्टी घ्या. पृष्ठभागापासून पाचसहा मिलिमीटर आत थांबायचं आणि वरून सिलिकॉन सीलंट भरून नळीला आणि लाकडाला दोन्हीकडे चिकटेल असं बोटाने सारखं करायचं. सीलंटचं काम जाळीला जागेवर धरण्याचं आहे, दात अडवण्याचं काम जाळीचं. नुसती जाळी गाडीच्या हादऱ्यांनी सरकते, नुसतं सीलंट कुरतडलं जातं. जोडी हवी. मोठं, तीनचार इंचांचं भोक असेल तर सहा मिलिमीटर घराची जस्ताची जाळी आतून स्क्रूने बसवून त्यावर हेच.

पण सगळंच बुजवायचं नसतं, आणि हे आधी समजून घेतल्याशिवाय सीलंटची नळी हातात घेऊ नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. म्हणून गॅसच्या टाक्यांच्या कप्प्याला तळाशी मुद्दाम छिद्रं ठेवलेली असतात. गळती झालीच तर गॅस खालून बाहेर वाहून जावा, हा त्यांचा हेतू. ती कधीही बंद करायची नाहीत. फार तर सहा मिलिमीटरची जाळी लावावी. फ्रिजच्या मागच्या बाहेरच्या खिडकीला आतून तशीच जाळी चालते. त्याहून बारीक घेतली तर धूळ धरून हवा अडते आणि फ्रिज थंड होत नाही. हीटरच्या धुराड्याच्या तोंडावर मात्र घरी कापलेली जाळी नको. तिथून जळलेला वायू बाहेर जातो. वाट अडली की कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्या हीटरच्या उत्पादकाने मान्य केलेली जाळी मिळत असेल तर ती, नाहीतर फक्त बंद हंगामापुरतं बाहेरून झाकण, आणि आत थर्मोस्टॅटवर मोठ्या अक्षरांत लटकवलेली चिठ्ठी: धुराडं झाकलेलं आहे, आधी काढा. चिठ्ठी विसरू नये. मार्चमधल्या पहिल्या थंड रात्री कोणीतरी सवयीने बटण दाबतंच.

काम कधी करायचं? अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत पहिलं गोठलेलं दव ऑक्टोबरच्या सुमाराला पडतं आणि उंदीर त्याच्या आधीपासून जागा हेरत फिरत असतात. मराठी घरांना यासाठी आपलं कॅलेंडर चांगलं उपयोगी पडतं. अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप दिला की पुढच्या शनिवारी आरव्ही हातात घ्यावी आणि दसऱ्याच्या आत बंद करावी. दिवाळीपर्यंत थांबलं तर बरेचदा पाहुणे आत येऊन वर्दी न देता राहिलेले असतात.

खाण्याबद्दल. उंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम अन्न पुरतं, तेही पंधरावीस ठिकाणी तोंड लावून. कोरड्या धान्यातल्या ओलाव्यावरही तो बराच काळ भागवतो. म्हणजे आपल्याला जो कचरा वाटतो तो त्याचा महिन्याचा किराणा असतो. मराठी कुटुंबाच्या आरव्हीत तर त्याची चैनच असते: दाण्याचं कूट, भडंग, चिवडा, गूळ, पोहे, तिळाच्या वड्या. बरेच जण डबे काढतात, पण चिवडा ओतताना सांडलेले शेंगदाणे ड्रॉवरच्या रुळात आणि जेवणाच्या बाकाच्या गादीखाली तसेच राहतात. ड्रॉवर बाहेर काढून, गाद्या उचलून, स्लाइड-आउटच्या कडेने अरुंद नळी लावून व्हॅक्यूम करावा. टोस्टरचा खालचा ट्रे, कुत्र्याचं खाणं, कचऱ्याच्या डब्याचा तळ, औषधांच्या पेटीतल्या गोड गोळ्या, साबणाच्या वड्यासुद्धा. साबणात चरबी असते आणि भुकेला उंदीर ती खातो, त्यामुळे उग्र वासाच्या साबणाच्या वड्या 'उंदीर पळवायला' कोपऱ्यात ठेवण्याची जी पद्धत आहे तिचा शेवट बऱ्याचदा साबणावरच्या दातांच्या खुणांत होतो. प्लास्टिकची झिप पिशवी म्हणजे डबा नव्हे. प्रवासातही धान्य स्टीलच्या किंवा काचेच्या घट्ट डब्यात ठेवण्याची सवय इथे कामी येते.

मऊ सामानाचंही तसंच. टॉयलेट पेपर, टिश्यू, टॉवेल, उशा, पांघरुणं घरी न्यावीत. गाद्या नेता येत नसतील तर उभ्या कराव्यात. कपाटं, ड्रॉवर, फ्रिज, ओव्हन सगळं उघडं ठेवून जावं. उंदराला अंधारा बंद कोपरा आवडतो. उघड्या कपाटात त्याला घर वाटत नाही, आणि फ्रिजलाही बुरशी येत नाही.

बाहेरची जागा निवडता आली तर गवतापेक्षा काँक्रीट किंवा खडी बरी. गवत असेलच तर गाडीभोवती मीटरभर पट्टा अगदी बुटका कापलेला असावा. मोकळं ओलांडताना उंदराला भीती वाटते, तो कडेकडेने चालणारा प्राणी आहे. लाकडाचा ढीग, पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं आणि आरव्ही एका रांगेत नकोत. पाण्याचे पाइप, केबल सगळं काढून ठेवावं.

इतकं झाल्यावर वासाकडे वळायला हरकत नाही. पेपरमिंटच्या तेलाने उंदीर पहिले काही दिवस बिचकतो, हे खरं. पण तेल उडून जातं, आणि जे उरतं त्याची त्याला सवय होते. आत पिल्लं असलेली मादी वासापायी घरटं सोडत नाही. वापरायचंच तर कापसाच्या बोळ्यावर आठदहा थेंब, बोळा काचेच्या बाटलीच्या झाकणात, कारण तेल थेट प्लास्टिकवर किंवा लॅमिनेटवर पडलं तर डाग राहतो. असे आठदहा बोळे बुजवलेल्या जागांजवळ ठेवून दर आठवड्याला ताजे करायला हवेत. वेअरहाउसमध्ये पाच महिने बंद असलेल्या गाडीत ऑक्टोबरमध्ये ठेवलेले बोळे नोव्हेंबरात निव्वळ कापूस असतात, आणि कापूस म्हणजे घरट्याचं सामान. सोबत मांजर असेल तर हे तेल नकोच, मांजराला ते बाधतं. लवंग, तमालपत्र, देवदाराच्या ढलप्या यांचं काम याहूनही हलकं. वास छान येतो, एवढा गुण त्यांना द्यावा.

डांबरगोळ्या नैसर्गिक नाहीत. त्यांचा वायू श्वासाला वाईट, आणि बंद आरव्हीच्या गाद्यांत तो असा मुरतो की पुढचा उन्हाळाभर झोपताना डोकं धरतं. डांबरगोळ्या कपड्यांतल्या किड्यांसाठी, घट्ट बंद पेटीत वापरायच्या असतात. ज्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही अशा विजेच्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच साठाहून जास्त उत्पादकांना आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दाव्यांना शास्त्रीय आधार हवा. तो आवाज गादीच्या पलीकडेही पोहोचत नाही, मग कपाटाच्या मागे काय पोहोचणार.

तिखटाची गोष्ट वेगळी आणि जास्त रंजक आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या संवेदकाला चेतवतं, तो शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पक्ष्यांचा तोच संवेदक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरची आवडीने खातो आणि उंदीर तोंड मागे घेतो. याच तत्त्वावर होंडा कंपनी वायरींवर गुंडाळायची तिखट टेप विकते. टेप उपयोगी आहे, पण ती काय करते हे नीट ध्यानात घ्यावं: ती उंदराला आत येण्यापासून अडवत नाही, पहिल्या चाव्यानंतर दुसरा चावा टाळते. इंजिनाजवळच्या आणि पुढच्या जोडणीच्या वायरींना ती जरूर लावावी. घरातली लाल तिखटाची पूड मात्र आत शिंपडू नये. चार दिवसांत ती ओल धरते, आणि हीटरचा पंखा सुरू झाला की तीच पूड डोळ्यांत येते. मुंबई-पुण्यात पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी खाणाऱ्या उंदरांनाही हाच हिशेब लागू आहे. तिथे काळा उंदीर आणि घूस असल्याने फट मोठी लागते, इतकाच फरक.

नैऋत्येकडे, ॲरिझोनाच्या वाळवंटात, गाठ वेगळ्या प्राण्याशी असते. हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटला हजारो आरव्ही येऊन उतरतात आणि तिथला पॅक रॅट नावाचा उंदीर एका रात्रीत इंजिनावर काटक्या आणि चोया निवडुंगाचे तुकडे आणून रचतो. हे त्याच्या रक्तातच आहे. त्यांच्या पूर्वजांचे मुतात घट्ट झालेले जुने ढीग गुहांमध्ये हजारो वर्षं टिकलेले सापडतात आणि संशोधक त्यातल्या पानांवरून प्राचीन वनस्पती ओळखतात. याच्यापुढे जाळी कमी आणि सवय जास्त कामाला येते: रात्री बॉनेट उघडं ठेवायचं, आत छोटा दिवा लावायचा, आणि गाडी चारदोन दिवसांनी हलवायची. त्याला अंधारी, स्थिर जागा लागते.

विषाबद्दल ठाम मत असायला हवं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो भिंतीत शिरतो आणि इन्सुलेशनमध्ये मरतो, त्याचा वास काढायला भिंत उघडावी लागते. नाहीतर अर्धमेला उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या, कोल्ह्याच्या पोटात जातो. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये राहणाऱ्या पी-22 या प्युमाला 2014 मध्ये खरूज झाली तेव्हा त्याच्या रक्तात उंदरांचं विष सापडलं होतं. त्याचा तो केस गळालेला, डोळे चिकटलेला फोटो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये कायदा करून रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या विषांवर बहुतांश बंदी आणली. तिथल्याच नापाच्या द्राक्षमळ्यांत तर गव्हाणी घुबडांसाठी खोकी लावतात. एका आरव्हीला घुबड वाचवणार नाही, ते मोकळ्या शेतात शिकार करतं. पण उंदीर खाणाऱ्यालाच मारून उंदीर कमी होत नाहीत.

एखादा आत राहिलाच तर साधा स्प्रिंगचा लाकडी सापळा. भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण उंदीर मिशा भिंतीला टेकवत चालतो. पीनट बटर मटारच्या दाण्याएवढंच. जास्त लावलं तर तो कडेचं चाटून निघून जातो. एका संशयित जागी तीन सापळे, हातभर अंतराने. मारायचं नसेल तर पिंजरा घ्यावा, पण रोज बघणं झेपत असेल तरच. आठवडाभर पिंजऱ्यात तहानेने मरणारा जीव ही दया नव्हे.

आणि वसंतात दार उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर झाडू उचलायचा नाही. पांढऱ्या पोटाच्या, मोठ्या डोळ्यांच्या डिअर माउसच्या विष्ठेतून हंताव्हायरस पसरतो. 1993 मध्ये नैऋत्य अमेरिकेत तो लक्षात आला, आणि 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्कामी तंबूंमध्ये दुहेरी भिंतींच्या पोकळीत उंदरांनी घरटी केली तेव्हा 10 जण आजारी पडून तिघे दगावले. पोकळ भिंत, आत इन्सुलेशन, माणसांची ये-जा कमी: आरव्हीची भिंत याहून वेगळी नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावं. हातमोजे घालून, एक वाटी ब्लीचला नऊ वाट्या पाणी या प्रमाणात ताजं मिश्रण करून लेंड्यांवर, घरट्यावर भिजेपर्यंत फवारावं. पाच मिनिटं मुरू द्यावं. मग कागदी टॉवेलने टिपून दुहेरी पिशवीत. व्हॅक्यूम आणि झाडू दोन्ही धूळ हवेत उडवतात. हीटर सुरू करण्याआधी त्याचं बाहेरचं झाकण काढून पंख्यात कापूस-कागद तर नाही ना, हेही बघायचं.

सगळं बुजवून, पुसून झाल्यावर खात्री कशी करायची? पिठाने नको, ते खाद्य आहे. पांढरी रांगोळी घ्यावी, तांदळाची नाही, दगडाची. चहाच्या गाळणीतून सिंकखाली, चाकाच्या कमानीशी आणि पलंगाखाली वीतभर पट्टा इतका पातळ पाडायचा की खालचा रंग दिसला पाहिजे. चाळताना तोंडाला रुमाल बांधावा. थंडीत महिन्यातून एकदा जाऊन टॉर्च तिरपा धरून पाहायचं. उंदराच्या पुढच्या पावलाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मधे कधीकधी शेपटीची बारीक रेघ. ठसे जिथून सुरू होतात तिकडे तोंड करून गुडघ्यावर बसायचं आणि पेन्सिल काढायची.